उपासाचं रताळं जिथं रोजचं जेवण आहे: पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात माणसं एवढ्या उंचावर का राहतात?

तुमच्या फीडमध्ये हा व्हिडिओ कधी ना कधी येऊन गेला असेल. पिवळ्या-लाल रंगानं रंगवलेले चेहरे, डोक्यावर पक्ष्यांच्या पिसांचा भला मोठा मुकुट, हातात ढोल. वर कॅप्शन असतं, 'जगापासून तुटलेली रहस्यमय जमात'. खाली कमेंट्समध्ये कुणीतरी 'नरभक्षक' लिहितं, कुणीतरी हसतं आणि आपण पुढच्या व्हिडिओवर जातो.

ही बहुतेक दृश्यं पापुआ न्यू गिनीतल्या गोरोका किंवा माउंट हेगन इथल्या वार्षिक महोत्सवांतली असतात. गोरोकाचा महोत्सव १९५७ साली सुरू झाला. वेगवेगळ्या जमाती तिथं नटूनथटून येतात, नाचतात, पर्यटक फोटो काढतात आणि दोन-तीन दिवसांनी सगळे आपापल्या गावी परततात. पण ते गाव कसं असतं? तिथं लोक काय खातात, आजारी पडले तर कुठं जातात, आणि मुळात एवढ्या आडवळणी डोंगरात जाऊन राहिलेच कशाला?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की डास, रताळं, गोठलेलं दव आणि चक्क १९७२ चा दुष्काळ अशा सगळ्या गोष्टी एका धाग्यात येतात. तोच धागा उलगडून बघू.

आधी नकाशा बघू

ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर न्यू गिनी नावाचं बेट आहे. ग्रीनलंडनंतर जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं बेट. त्याचा पश्चिमेकडचा अर्धा भाग इंडोनेशियात आहे आणि पूर्वेकडचा अर्धा भाग म्हणजे पापुआ न्यू गिनी. हा देश १६ सप्टेंबर १९७५ रोजी ऑस्ट्रेलियापासून स्वतंत्र झाला. आठशेपेक्षा जास्त भाषा बोलणारा देश म्हणून त्याचं नाव जगात घेतलं जातं.

बेटाच्या मधोमध डोंगरांचा कणा आहे. या देशातलं सर्वांत उंच शिखर माउंट विल्हेल्म ४,५०९ मीटरचं. पण मुद्दा शिखरांचा नाही, दऱ्यांचा आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर उंच. गोरोका हे शहर साधारण १,६०० मीटरवर आहे. म्हणजे आपण धापा टाकत, शिड्या चढत ज्या उंचीवर पोचतो आणि सेल्फी काढून उतरतो, तिथं त्यांच्या दरीचा तळ सुरू होतो. गावं त्याच्याही वर, उतारांवर.

आणखी एक गोष्ट. पोर्ट मोर्स्बी ही देशाची राजधानी. तिथून या डोंगराळ प्रदेशात जायला रस्ताच नाही. विमानानं जा, नाहीतर समुद्रमार्गे लाए बंदरात उतरा आणि तिथून हायलँड्स हायवेनं वर चढा.

जगाला वाटायचं, तिथं कुणीच राहत नाही

१९३० सालापर्यंत किनाऱ्यावरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांची पक्की समजूत होती की बेटाचा मधला भाग म्हणजे नुसते ओसाड डोंगर. त्या वर्षी मायकल लेही आणि मिक ड्वायर हे दोन ऑस्ट्रेलियन सोन्याच्या शोधात आत शिरले. रात्री त्यांना समोरच्या दरीत शेकडो ठिकाणी जाळ दिसले. १९३३ मध्ये विमानातून पाहणी झाली, तेव्हा वाघी नदीच्या खोऱ्यात आखीवरेखीव चौकोनी शेतं, गवतानं शाकारलेली घरं आणि माणसंच माणसं दिसली. या दऱ्यांमध्ये मिळून सुमारे दहा लाख लोक राहत असल्याचा अंदाज नंतर बांधला गेला.

तिथल्या लोकांनाही धक्का बसलाच. अनेकांना वाटलं, आपले मेलेले पूर्वजच पांढरे होऊन परत आले. ही भेट सगळीकडे गोडीगुलाबीची नव्हती. लेहीच्या मोहिमांमध्ये बंदुका चालल्या आणि स्थानिक माणसं मारली गेली, हे त्याच्या स्वतःच्या नोंदींतूनच समोर आलं आहे.

या भेटीतली शिंपल्यांची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. समुद्र कधी न बघितलेल्या या लोकांसाठी मोत्याचा शिंपला म्हणजे सर्वांत मौल्यवान वस्तू. किनाऱ्यावरून हातोहात व्यापार होत तो वर पोचायचा, म्हणून दुर्मीळ. गोऱ्यांनी हे ओळखलं आणि विमानं भरभरून शिंपले आणून त्याच्या बदल्यात अन्न आणि मजुरी विकत घेतली. पुढं शिंपले इतके झाले की त्यांची किंमतच घसरली. नोटा जास्त छापल्या की महागाई होते, तसाच प्रकार. देशाच्या आजच्या चलनाचं नाव 'किना' आहे आणि ते याच शिंपल्यावरून आलंय.

'मागासलेले' म्हणण्याआधी ऊस आठवा

वाघी खोऱ्यात कूक नावाची एक दलदल आहे. तिथं उत्खनन झालं तेव्हा जमिनीखाली जुने चर, वाफे आणि लागवडीच्या खुणा सापडल्या. त्यावरून समजलं की इथं किमान ७,००० वर्षांपासून शेती होते. केळी, अळू, कोनफळ ही पिकं. २००८ मध्ये युनेस्कोनं कूकला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. जगात ज्या मोजक्या ठिकाणी माणसानं कुणाकडूनही न शिकता स्वतः शेतीचा शोध लावला, त्यातलं हे एक.

आपला ऊससुद्धा मूळचा याच बेटावरचा मानला जातो. जाड, रसाळ, गोड उसाची जात न्यू गिनीतल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी रानटी गवतातून निवडून वाढवली आणि तिथून तो आशियात पसरला. कोल्हापूरच्या गुळाची आणि सांगलीच्या कारखान्यांची मुळं शोधत गेलात तर अशाच एखाद्या वाडीपर्यंत जाऊन पोचाल.

तर, या लोकांना शेती कळत होती. मग किनाऱ्यालगतची सपाट, उबदार जमीन सोडून ते चढणीवर का राहिले?

खाली डास, वर गोठलेलं दव

याचं मोठं कारण मलेरिया.

विषुववृत्ताच्या जवळ असल्यानं किनाऱ्यावर बारा महिने उकाडा आणि दलदल. तिथं मलेरिया कायमचा मुक्कामाला आहे. पण उंचीवर जाल तसं तापमान उतरतं. इथं दर १,००० मीटरला साधारण ५ ते ६ अंश. किनाऱ्यावर सरासरी २७ अंश असेल तर १,६०० मीटरवर ते १८-१९ वर येतं.

मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात गेल्यावर लगेच संसर्ग करू शकत नाही. त्याला डासाच्या शरीरात काही दिवस वाढावं लागतं. थंडी वाढली की ही वाढ मंदावते आणि साधारण १६ ते १८ अंशांच्या खाली जवळपास थांबते. परजीवी तयार होईपर्यंत डास स्वतःच मरून जातो. म्हणजे एका ठरावीक उंचीच्या वर डास असले तरी मलेरिया फारसा पसरत नाही.

मग अजून वर का नाही जायचं? कारण तिथं पीक मरतं. साधारण २,२०० मीटरच्या वर काही वर्षी रात्री दव गोठतं आणि उभं पीक एका रात्रीत काळं पडतं.

थोडक्यात, डोंगराच्या अंगावर एक पट्टा आहे. त्याच्या खाली ताप, त्याच्या वर उपासमार. साधारण १,४०० ते २,२०० मीटरच्या या पट्ट्यात लोकांनी दाटीवाटीनं वस्ती केली. पट्टा डोंगराळ आहे म्हणून गावं उतारावर आहेत. लोक 'अडकून' पडले नव्हते. त्यांनी जगण्यासाठी जागा निवडली होती.

रताळ्यानं केलेली क्रांती

आपल्याकडे रताळं म्हणजे एकादशी आणि महाशिवरात्र. तिथं ते सकाळी, दुपारी आणि रात्री. स्थानिक टोक पिसिन भाषेत त्याला 'काऊकाऊ' म्हणतात.

गंमत म्हणजे रताळं मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. ते या डोंगरांमध्ये साधारण तीनशे वर्षांपूर्वी पोचलं असं मानतात. अळूपेक्षा ते जास्त उंचीवर येतं, हलक्या जमिनीत येतं आणि उरलं तर डुकरांना घालता येतं. त्यामुळे आधी जिथं शेती परवडत नव्हती अशा वरच्या दऱ्यांमध्येही वस्ती वाढली आणि डुकरांचे कळपही वाढले.

डुक्कर म्हणजे तिथली बँक. लग्नात मुलीकडच्यांना देज द्यायचं तर डुकरं, भांडण मिटवायचं तर डुकरं, समाजात मान मिळवायचा तर डुकरं वाटायची. ज्याच्याकडे साठा जास्त तो मोठा नव्हे, ज्यानं जास्त वाटलं तो मोठा. सणाला खड्डा खणून, तापलेले दगड आणि केळीची पानं घालून त्यात मांस आणि रताळी भाजतात. त्याला 'मुमु' म्हणतात. आपल्या रायगडच्या पोपटीची आठवण यावी असा बेत.

पण रताळ्यावर जगण्याची किंमतही आहे. त्यात प्रथिनं फारच कमी. पापुआ न्यू गिनीत पाच वर्षांखालची जवळपास निम्मी मुलं वयाच्या मानानं बुटकी राहतात. जगातल्या सर्वांत वाईट आकड्यांपैकी हा एक.

याच आहारातून 'पिगबेल' नावाचा विचित्र आजार यायचा. सणाला डुकराचं मांस भरपूर खाल्लं की काही दिवसांत मुलांच्या पोटात भयंकर दुखायचं, आतडं सडायचं आणि मूल दगावायचं. दोष डुकराचाच वाटायचा. संशोधनातून कारण सापडलं. मांसातले काही जिवाणू आतड्यात विष तयार करतात. ते विष आपल्या पोटातलं ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य एरवी नष्ट करून टाकतं. पण कायम कमी प्रथिनं खाणाऱ्या मुलांमध्ये ट्रिप्सिन आधीच कमी असतं आणि जे असतं त्याचंही काम रताळ्यातले घटक अडवतात. वर्षभर रताळं आणि एक दिवस मांस, हेच गणित जीवघेणं ठरत होतं. १९८० च्या सुमारास लस देणं सुरू झालं आणि हा आजार खूप कमी झाला.

एका गावातला दिवस

घर गोल किंवा लांबट, बुटकं. भिंती विणलेल्या बोरूच्या, छप्पर कुनाई गवताचं, दार एवढं ठेंगणं की वाकून आत जावं लागतं. मधोमध चूल. थंडीत उब टिकावी म्हणून ही रचना, पण धूर बाहेर जायला वाट नाही. त्या धुराचा त्रास सर्वांत जास्त बायकांना आणि लहान मुलांना होतो. खोकला आणि न्यूमोनिया घरोघरी.

सकाळी बाई शेतावर निघते. वेल लावणं, खुरपणं, रताळी काढणं आणि डुकरांना घालणं ही कामं मुख्यतः बायकांची. झाडं तोडणं, चर खणणं, कुंपण घालणं ही पुरुषांची. बाईच्या कपाळाला अडकवलेली, पाठीवर लोंबणारी विणलेली झोळी म्हणजे 'बिलुम'. त्यात रताळी, लाकडं आणि वेळ पडली तर झोपलेलं बाळ. शेत पडीक टाकायचं तेव्हा त्यात सुरूची झाडं लावतात, कारण सुरू जमिनीत नत्र वाढवतो. कोकणच्या किनाऱ्यावर आपण सावलीला बसतो त्याच सुरूच्या जातकुळीतलं हे झाड. तिथं ही पद्धत हजारेक वर्षांपासून चालत आलीय.

रोख पैशाचं साधन म्हणजे कॉफी. १९५० च्या दशकापासून डोंगरात कॉफी रुजली आणि आज बहुतांश कॉफी छोटे शेतकरीच पिकवतात. जुलै १९७५ मध्ये ब्राझीलमधल्या कॉफीच्या बागा थंडीनं करपल्या, जगभरात भाव भडकले आणि या डोंगरातल्या घरांमध्ये अचानक पैसा आला. दुसऱ्याच्या शेतावर पडलेल्या थंडीनं यांचं भलं केलं. पण थंडी यांनाही सोडत नाही.

१९७२: तिकडं आणि इकडं

एरवी या डोंगरांवर रात्री ढगांचं पांघरूण असतं. दिवसभर तापलेल्या जमिनीची उष्णता ते अडवून धरतं. अल निनोच्या वर्षी ढग गायब होतात. आकाश निरभ्र, हवा कोरडी, वारा बंद. जमिनीची उष्णता थेट वर निघून जाते आणि थंड, जड हवा उतारावरून घरंगळत खोलगट भागात साठते. आपल्याकडे हिवाळ्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची बातमी येते, त्यामागं हेच कारण. आपल्यासाठी तो फोटो काढायचा क्षण असतो. तिथं त्यात वर्षभराचं जेवण जातं.

१९७२ साली हेच झालं. आपल्याकडे ज्या वर्षाचं नाव काढलं की आजी-आजोबा अजून सुकडी आणि मिलोच्या भाकरीबद्दल बोलतात, तेच वर्ष आणि तोच अल निनो. महाराष्ट्रात पाऊस आला नाही, तिकडं एंगा आणि दक्षिण हायलँड्समध्ये रात्रीच्या थंडीनं रताळ्याचे वेल जाळले.

यात एक क्रूर गोष्ट आहे. वेल मेला तरी जमिनीतली रताळी काही आठवडे टिकतात. लोक ती काढून खातात, मग उरलेली कुजतात. नवीन लावायचं तर वेलाचे तुकडे लागतात आणि वेल तर मेलेत. इतक्या उंचीवर नवं पीक यायला आठ महिने ते वर्ष लागतं. म्हणजे थंडीची रात्र येऊन गेल्यावर खरी उपासमार काही महिन्यांनी सुरू होते, जेव्हा बाहेरच्यांचं लक्ष दुसरीकडं गेलेलं असतं.

पण एंगाचे लोक हात बांधून बसणारे नव्हते. भूगोलाचे अभ्यासक एरिक वॉडेल यांनी त्यांच्या पद्धतीचा बारकाईनं अभ्यास केला. तिचे तीन टप्पे होते.

पहिला टप्पा शेतातला. रताळं सपाट वाफ्यात न लावता मातीच्या मोठ्या ढिगाऱ्यावर लावायचं आणि त्याच्या पोटात गवत-पाला पुरायचा. पाला कुजताना उष्णता देतो आणि उंचवट्यावरचे वेल जमिनीलगत साठलेल्या थंड हवेच्या वर राहतात.

दुसरा टप्पा, सगळी शेतं एकाच ठिकाणी ठेवायची नाहीत. एक इथं, एक उतारावर, एक थोडं लांब. एक गेलं तर दुसरं वाचेल.

तिसरा टप्पा सर्वांत मोठा. सगळंच गेलं तर कुटुंबासकट, डुकरांसकट खालच्या दरीतल्या पाहुण्यांकडं जायचं. तिथं शेतीला जागा मिळायची, वेल मिळायचे आणि एक-दोन वर्षांनी घरी परतायचं. यासाठी सोयरीक मुद्दाम लांबच्या दऱ्यांमध्ये जोडलेली असायची. खालच्या हवेत मलेरियाचा धोका असायचाच, तो पत्करून लोक जायचे.

१९७२ मध्ये सरकारनं वर धान्य पोचवलं, लोक बऱ्याच ठिकाणी घरीच थांबले. जीव वाचले, यात वाद नाही. पण वॉडेल यांचा मुद्दा वेगळा होता. मदत देणाऱ्यांना लोकांची स्वतःची व्यवस्था दिसलीच नाही, आणि वापरात नसलेली व्यवस्था हळूहळू मोडते. पुढं १९९७ मध्ये आणि २०१५ मध्ये पुन्हा तशीच थंडी आली, पुन्हा वेल करपले. २०१५ चा तोच अल निनो, ज्यानंतर लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं.

'दुर्गम' म्हणजे नेमकं काय?

किलोमीटर मोजले तर अनेक गावं शहरापासून फार लांब नाहीत. पण हायवेपासून निघणारे फाटे पावसात वाहून जातात, पूल मोडले की वर्षानुवर्षं तसेच राहतात. मग कॉफीची पोती पाठीवर घेऊन चालायचं आणि व्यापारी देईल तो भाव घ्यायचा.

जिथं रस्ता नाही तिथं विमान. डोंगराच्या उतारावर गवताची छोटी धावपट्टी असते. विमान चढाच्या दिशेनं उतरतं, म्हणजे वेग आपोआप कमी होतो, आणि उताराच्या दिशेनं उडतं. चुकलं तर दुसरी संधी बऱ्याचदा नसते. आजारी माणूस, बाळंतपणाला अडलेली बाई, शाळेची पुस्तकं, सगळं यातूनच. ढग उतरले की तेही बंद.

गावाजवळ दवाखाना म्हणजे 'एड पोस्ट'. एक आरोग्य कर्मचारी, थोडी औषधं. कर्मचारी बदलून गेला किंवा औषधं संपली की कुलूप. विजेचं सांगायचं तर २०१८ साली ऑस्ट्रेलिया, अमेरिका, जपान आणि न्यूझीलंड यांनी या देशासोबत वीज पोचवण्याचा करार केला, तेव्हा फक्त १३ टक्के लोकांपर्यंत भरवशाची वीज होती. मोबाइल मात्र २००७ नंतर झपाट्यानं पसरले, चार्जिंग सौर पॅनलवर. त्यामुळे ज्या गावात दिवा नाही तिथल्या पोराकडंही फेसबुक असू शकतं.

सरकार नाही तिथं माणसं एकमेकांना धरून राहतात. 'वॉनटोक' म्हणजे एक बोली बोलणारे, आपले लोक. शहरात गेलात तर वॉनटोक झोपायला जागा देणार, अडचणीत पैसे देणार. देशातली जवळपास सगळी जमीन, साधारण ९७ टक्के, कुळांच्या सामूहिक मालकीची आहे. त्यामुळे पूर्ण भूमिहीन कुणी सहसा नसतं. पण याच आपलेपणाची दुसरी बाजू म्हणजे कुळाकुळांमधली भांडणं. पूर्वी धनुष्यबाण होते, आता बंदुका आल्यात आणि मृतांचे आकडे वाढलेत.

अजून एक कटू गोष्ट. धडधाकट माणूस अचानक मेला आणि का मेला हे सांगायला डॉक्टर नसला, की संशय चेटकावर जातो. तिथं त्याला 'सांगुमा' म्हणतात. आरोप बहुतेक वेळा बाईवर येतो आणि तिचा छळ होतो, जीवही घेतला जातो. फेब्रुवारी २०१३ मध्ये माउंट हेगनमध्ये एका तरुण महिलेला जमावानं जिवंत जाळलं. त्यानंतर त्याच वर्षी देशानं चेटूक मान्य करणारा १९७१ चा जुना कायदा रद्द केला. योगायोग असा की महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदाही २०१३ चाच. तिथं काय किंवा इथं काय, कायद्यानंतरही काम संपलेलं नाही.

किती माणसं गेली, हेच माहीत नाही

२४ मे २०२४. पहाटे तीनच्या सुमारास एंगा प्रांतातल्या यांबाली गावावर डोंगराचा कडा कोसळला. लोक झोपेत होते. पोर्गेरा सोन्याच्या खाणीकडं जाणारा रस्ताही ढिगाऱ्याखाली गेला. यंत्रं पोचायला दिवस लागले. तोवर लोकांनी फावडी, काठ्या आणि हातांनी माती उपसली. मदतीचा ताफा बंदोबस्तात न्यावा लागला, कारण वाटेत टोळ्यांची मारामारी सुरू होती.

मृतांचा आकडा किती? संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतर संस्थेचा अंदाज ६७०. देशाच्या आपत्ती केंद्रानं सांगितलं, दोन हजारांहून जास्त लोक गाडले गेले. हाती आलेले मृतदेह मोजकेच. दोन आकड्यांमधला हा फरक हजाराहून जास्त माणसांचा आहे.

असं का? कारण गावात किती लोक राहतात याची धड नोंदच नव्हती. आसपासच्या भांडणांमुळे परागंदा झालेली कुटुंबंही तिथं आसऱ्याला आली होती. खुद्द देशाची लोकसंख्या किती यावर वाद आहे. सरकारी अंदाज ९४ लाखांच्या आसपास असताना २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका अभ्यासाची बातमी आली की खरा आकडा १ कोटी ७० लाख असू शकतो. नंतर हा अंदाज खाली आणला गेला.

आपल्याला इर्शाळवाडी आठवत असेल. जुलै २०२३ मध्ये रायगडमधल्या त्या वाडीवरही रात्री डोंगर कोसळला, तिथंही रस्ता नव्हता, यंत्रं वर नेता आली नाहीत. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. पण ५७ असं म्हणता तरी आलं, कारण कोण कुठल्या घरात राहत होतं याची यादी करता आली. यांबालीत तेवढंही झालं नाही. यांबालीनंतर भारतानं तातडीची मदत म्हणून १० लाख डॉलर जाहीर केले होते.

आता तो पट्टा बदलतोय

हजारो वर्षं ज्या पट्ट्यानं या लोकांना सांभाळलं, तो आता दोन्ही बाजूंनी दाबला जातोय. तापमान एक-दोन अंशांनी वाढलं तर मलेरियाची सीमा डोंगरावर काहीशे मीटर वर सरकू शकते. रस्त्यानं येणारे-जाणारे प्रवासी तो आधीच वर घेऊन येतात. आणि वर राहणाऱ्यांना खालच्या लोकांसारखी मलेरियाची सवय नसल्यानं तो झाला की जोरात होतो. दुसरीकडं अल निनो आला की वरून थंडी येतेच. मधल्या पट्ट्यात लोकसंख्या वाढलीय, त्यामुळे अधिक तीव्र उतारावर घरं आणि शेतं जातायत, आणि जमीन पडीक ठेवायला सवड उरत नाही.

या लोकांना शेती शिकवायची गरज नाही, ती त्यांना हजारो वर्षांपासून येते. थंडीची वर्षं कशी काढायची हेही बऱ्याच घरांना अजून ठाऊक आहे. कमी आहे ते साधं आहे: पावसात टिकणारा रस्ता, उघडा असलेला दवाखाना, मुलांच्या ताटात रताळ्यासोबत शेंगदाणे, अंडी किंवा मासे, आणि गावात कोण कोण राहतं याची एक नीट यादी.

पुढच्या वेळी पिसांच्या मुकुटाचा तो व्हिडिओ समोर आला तर बघा जरूर, नाच खरोखर सुंदर असतो. फक्त 'जगापासून तुटलेले' हे कॅप्शन तेवढं खरं मानू नका. त्यांचा ऊस आपण पिढ्यानपिढ्या खातोय आणि १९७२ चं वर्ष त्यांनी आणि आपण एकाच वेळी भोगलंय.